ट्रेल रनिंगचे शूज घेताय? आधी उतार डोक्यात ठेवा

नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा जॉगिंग ट्रॅकवर पळायचे जे शूज असतात ना, ते घालून डोंगर चढता येतो, त्यात काही अडचण नाही. चढताना सगळेच शूज चांगले वाटतात. खरा प्रकार सुरू होतो उतरताना. अंजनेरीवरून किंवा रामशेजवरून खाली यायला लागलं की पाय आतल्या आत पुढे सरकतो, बोटं शूजच्या टोकाला आपटायला लागतात, टाच मागून सुटते, आणि मुरमावर एकदा पाय सटकला की मग भीती बसते आणि पुढचा सगळा उतार माणूस बसत बसत येतो. म्हणून जो विचारेल त्याला मी एकच सांगतो, ट्रेलचे, म्हणजे डोंगरावर-मातीच्या वाटांवर पळायचे शूज चढासाठी नाही, उतारासाठी घ्यायचे. दुकानात जे काही तपासायचं ते उतार डोक्यात ठेवून तपासा, ब्रँड नंतर बघू.

पण त्याच्याही आधी हे ठरवा की तुम्ही पळणार कुठे. हे कोणी सांगतच नाही, डायरेक्ट मॉडेल विचारतात. नाशिकच्या आजूबाजूला तासाभराच्या अंतरात जमिनीचे किती प्रकार आहेत बघा. मखमलाबादच्या पुढे दरी-मातोरीकडे द्राक्षबागांच्या मधून जाणारे मातीचे रस्ते, कोरडे असले तर एकदम मस्त आणि पाऊस पडला की काळ्या मातीचा चिकट चिखल. म्हसरूळला चामर लेणीला किंवा पांडवलेणीला पायऱ्या, आणि पायऱ्या सोडून डोंगराच्या अंगाला लागलात की मुरूम आणि सुटे दगड. त्र्यंबककडे ब्रह्मगिरी, अंजनेरी म्हटलं की कातळ, आणि पावसाळ्यात त्याच कातळावर पाणी आणि शेवाळ. दिवाळीनंतर सगळीकडे वाळलेलं गवत आणि घसारा. या सगळ्याला एकच शूज बेस्ट असं काही नसतं. तुमचं सत्तर-ऐंशी टक्के पळणं ज्या जमिनीवर होणार तिच्यासाठी शूज घ्या, उरलेल्या ठिकाणी थोडं सांभाळून पळा.

आता फिटिंग, सगळ्यात महत्त्वाचं तेच, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

शूज बघायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि लांब पळताना पण पाय असेच फुगतात, त्यामुळे सकाळी घेतलेला परफेक्ट साइजचा शूज दोन तासांनंतर चावायला लागतो. आणि जे मोजे घालून पळणार तेच घरून घेऊन जा, दुकानातले ते पातळ मोजे घालून ट्राय केलं तर अंदाज चुकतो. नखं कापलेली असू द्या, हे सांगायला ऑकवर्ड वाटतं पण वाढलेलं नख असलं की चांगला साइज पण लहान वाटतो.

घरी आधी पाय मोजून घ्या. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन पायावर देऊन, बसून नाही, आणि सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी खूण करायची. बऱ्याच जणांचं अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तसं असेल तर तिथे खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या, थोडा फरक निघतोच, आणि मोठ्या पायाच्या हिशोबाने शूज घ्यायचा. माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा कारण नंबरांचा नुसता गोंधळ आहे. आपल्याकडे दुकानदार सांगतो तो नंबर बहुतेक यूकेचा असतो, आणि नेटवर रिव्ह्यू वाचताना पुरुषांचा जो अमेरिकन ९ दिसतो तो आपला साधारण ८. शिवाय एका ब्रँडचा ८ आणि दुसऱ्याचा ८ सारखा असेलच असं नाही. शूजच्या जिभेच्या आत लेबल असतं, त्यावर यूके, यूएस, युरोप आणि सेंटिमीटर असे सगळे नंबर असतात. सध्या जो शूज तुम्हाला नीट बसतो त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, तुलना करायला फार कामाला येतो.

पुढे जागा किती पाहिजे? शूज घालून, लेस बांधून उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताचा अंगठा आडवा बसेल एवढी जागा आहे का बघा. रोडच्या शूजला एखाद्या वेळी याच्यापेक्षा कमी चालून जातं, ट्रेलला नाही, कारण उतारावर पाय पुढे येणारच. तेवढी जागा नसली की नखं काळी पडतात, आणि काळं पडलेलं नख सुटून नवीन यायला कित्येक महिने जातात. पण म्हणून दोन साइज मोठा घेऊ नका, मग आतमध्ये पाय हलत राहतो आणि फोड येतात.

रुंदीकडे तर लोक बघतच नाहीत. आपल्याकडे बरेच जण लहानपणापासून चपलेत नाहीतर अनवाणी वाढलेले, पंजा पुढून चांगला पसरलेला असतो, आणि कित्येक ट्रेल शूज पुढून एकदम निमुळते येतात. यासाठी एक सोपी टेस्ट आहे. शूजच्या आतला इनसोल बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. बोटं किंवा करंगळीची बाजू इनसोलच्या बाहेर येत असेल तर तो शूज तुमचा नाही, कितीही आवडला तरी. दुकानदार म्हणेल ‘सर, वापरून वापरून लूज होईल’. कापड थोडं सैल होतं, पण खालचा बेस काही रुंद होत नाही. इथे लोक काय करतात, एक नंबर मोठा घेतात, रुंदीचा प्रश्न सुटतो पण टाच ढिली पडते. त्यापेक्षा वाइड फिटिंग मागा, काही मॉडेलमध्ये ते वेगळं मिळतं, किंवा पंज्याच्या आकाराचा पुढचा भाग असलेले ब्रँड बघा, आल्ट्रावाले त्यासाठीच फेमस आहेत.

टाच मात्र घट्ट पाहिजे. चालताना टाच शूजमधून उचलली जात असेल तर आधी लेस बदलून बघा. बऱ्याच रनिंग शूजला सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेक लोक रिकामंच सोडतात, ते उगाच दिलेलं नसतं. लेस त्याच बाजूच्या त्या वरच्या भोकातून आत घालायची म्हणजे बाजूला छोटा लूप तयार होतो, मग डावी लेस उजव्या लूपमधून आणि उजवी डाव्यामधून काढून खाली ओढायची आणि नेहमीसारखी गाठ मारायची. याने टाच मागे पकडली जाते आणि उतारावर पाय पुढे येणं बरंच कमी होतं. हे करूनही टाच उचलली जात असेल तर शूज परत ठेवा.

आणि मग मुख्य टेस्ट. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून काही कळत नाही. दुकानात जिना असेल तर जिन्यावरून खाली या, मॉलमध्ये असाल तर विचारून पार्किंगचा रॅम्प मिळतो का बघा, काहीच नसेल तर शूजचा पुढचा भाग जमिनीवर हलका आपटून बघा, बोटं टोकाला लागतात का. दोन्ही पायांत घालून, लेस नीट बांधून, दहा मिनिटं तरी चाला. लोक काय म्हणतील वगैरे विचार करू नका, आठ-दहा हजार तुमचे जाणारेत. दहा मिनिटांत कुठेही टोचलं, दाबलं, चुरचुरलं तर डोंगरावर तिथेच फोड येणार.

आता ग्रिप. सोलला खाली जे रबराचे दात असतात त्यांना लग म्हणतात, आणि दुकानात सगळ्यात आधी त्यावरच बोललं जातं, ‘सर हे बघा किती खोल आहेत’. खोल म्हणजे चांगली ग्रिप असं सरसकट नसतं. साधारण हिशोब असा की टणक मातीचे रस्ते आणि थोडं डांबर असेल तर २ ते ३ मिलिमीटर पुरे, सगळं मिक्स असेल तर ४-५, आणि चिखलच चिखल असेल तर ५ च्या पुढे. सॅलोमनचा स्पीडक्रॉस ५ मिलिमीटरचा आहे, चिखल आणि भुसभुशीत मातीसाठी लोक तो घेतात.

पण सह्याद्रीत अर्धी लढाई कातळाशी असते, आणि आपला कातळ म्हणजे बेसाल्ट. ओल्या कातळावर दात आत रुतत नाहीत, रुतणार कशात? तिथे कामाला येतं ते रबर, किती मऊ आणि चिकट आहे, आणि सोलचा किती भाग दगडाला टेकतो ते. कडक रबराचे उंच आणि विरळ दात ओल्या कातळावर म्हणजे फरशीवर गोट्या ठेवून त्यावर उभं राहिल्यासारखं. म्हणून त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात पळणार असाल तर ३.५ ते ५ मिलिमीटरचे, जरा रुंद डोक्याचे दात आणि मऊ रबर असा कॉम्बो बघा. सोलवर व्हायब्रम मेगाग्रिप लिहिलेलं असेल तर ते ओल्या दगडासाठी चांगलं मानतात, आदिदासच्या टेरेक्समध्ये कित्येक मॉडेलला कॉन्टिनेंटलचं रबर असतं तेही चांगलं. नाव काहीच नसेल तर नखाने दात दाबून बघा, प्लास्टिकसारखा टणक लागला तर सोडा. मऊ रबर झिजतं लवकर, ते मान्य करूनच घ्यायचं. आणि हिरवं शेवाळ असलेल्या कातळावर कुठल्याच रबराचा भरवसा नाही, तिथे चालायचं. हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्यांवर तर शूज कुठलेही असू द्या, पळायचा विचारसुद्धा करू नका.

इथे एक जण हमखास म्हणतो की ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे शूज घ्या, स्वस्त आणि कातळावर चिकटून बसतात. बरोबर आहे, आपल्याकडचे ट्रेकवाले ते वर्षानुवर्षं वापरतायत आणि ग्रिपला खरंच चांगले आहेत. पण ते चालायला. पळायला कुशन कडक पडतं, रोज पळणार असाल तर गुडघे आणि तळवे बोलायला लागतात. महिन्यातून एकदा ट्रेक आणि त्यात थोडं पळणं असेल तर मात्र ट्रेलच्या नावाखाली महागडे घ्यायची काहीच गरज नाही, माझं मत.

काळ्या मातीचं वेगळंच आहे. पाऊस पडून गेल्यावर बागांच्या बांधावरून शंभर मीटर गेलात की सोलला मातीचा थर बसतो, दात दिसेनासे होतात आणि पाय जड होतो. तिथे दातांची उंची कमी महत्त्वाची, दोन दातांमधली जागा जास्त, मोकळी जागा असली की पळताना माती आपोआप उडून जाते. दातांची दिशा पण बघून घ्या, पुढचे दात चढताना पकडायला आणि टाचेकडचे उलट्या दिशेने म्हणजे उतरताना ब्रेक लागायला, चांगल्या ट्रेल शूजमध्ये बहुतेक असं असतं. टाचेखाली दात तिरके-उलटे नसून नुसत्या सपाट पट्ट्या असतील तर मुरमाच्या उतारावर ब्रेक लागत नाही.

घरापासून डांबरावर तीन-चार किलोमीटर पळत जाऊन मग मातीला लागणारे बरेच जण असतात, त्यांनी खोल दातांच्या नादी लागू नये. सिमेंटच्या रस्त्यावर मऊ दात बघता बघता झिजतात आणि पळायला पण टोचतं. रोड टू ट्रेल नावाने मिळणारे कमी दातांचे शूज त्यांच्यासाठी आहेत. नाहीतर सरळ गाडी काढा, म्हसरूळपर्यंत गाडीवर जा आणि तिथून पळा.

कम्फर्ट म्हणजे लोकांना वाटतं जेवढं जाड कुशन तेवढं भारी. होकासारखे जाड सोलचे शूज लांब पळायला मस्त वाटतात, टणक मातीच्या रस्त्यावर तर विचारूच नका, पण सुट्या दगडांवर उंच सोलमुळे पाय डगमगतो आणि घोटा मुरगळायची शक्यता वाढते, विशेषतः नवीन माणसाचा. पातळ सोलमध्ये जमीन चांगली कळते पण प्रत्येक खडा पण कळतो. मधलं काहीतरी घ्या सुरुवातीला. काही शूजमध्ये सोलच्या मधे एक पातळ कडक पट्टी असते, रॉक प्लेट, टोकदार दगड आतपर्यंत टोचू नये म्हणून. आपल्याकडे दगडांबरोबर बाभळीचे काटे पण आहेत, शेताच्या कडेला काट्यांचं कुंपण घातलेलं असतं आणि त्यातल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. लांब काटा मऊ फोममधून सरळ वर येतो. रॉक प्लेट असली तर थोडा बचाव होतो, पण पळून आल्यावर सोल उलटा करून बघायची सवय लावा, अर्धवट घुसलेला काटा पुढच्या रनला पायात जातो.

ड्रॉप नावाचा एक आकडा दिसेल, टाच पंज्यापेक्षा किती उंच आहे ते, ० पासून १२ मिलिमीटरपर्यंत. वर्षानुवर्षं १० मिलिमीटरच्या शूजमध्ये पळत असाल आणि एकदम शून्यवाले घेतले तर पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर लोड येतो. घ्यायचेच असतील तर आधी आठवड्यातून एखादा छोटा रन त्यात करा, बाकी जुन्यात. नवीन माणसाने ४ ते ८ च्या मधलं घ्यावं, फार विचार करू नये.

वॉटरप्रूफवर दरवर्षी वाद होतो. गोअरटेक्सवाले शूज महाग असतात आणि ऐकायला भारी वाटतं, पण आपल्या पावसात पाणी सोलमधून नाही येत, वरून येतं, घोट्यापाशी. ओढ्यात एकदा पाय बुडाला की आत पाणी भरतं आणि मग तेच वॉटरप्रूफ कापड ते बाहेर जाऊ देत नाही, पुढचे सगळे किलोमीटर डबक्यात पाय. साध्या जाळीच्या कापडाचे घ्या, पाणी येईल आणि जाईल पण. मोजे मात्र कॉटनचे नको, ओले झाले की सुकत नाहीत आणि फोड आणतात, सिंथेटिक नाहीतर लोकरीचे पातळ घ्या. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे कित्येक लोक अनवाणी जातात, त्यांचं वेगळं, त्यांचे तळवे आणि श्रद्धा दोन्ही आपल्यापेक्षा मजबूत. पण तुम्ही शूज घालून फेरीला जाणार असाल तर जाळीचेच, आणि सुके मोजे पिशवीत.

जाळीचा एकच तोटा, कुसळं. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं जाळीतून, मोज्यांतून आत घुसतात आणि पळताना टोचत राहतात. त्या सीझनला बारीक विणीची जाळी असलेला शूज बरा, आणि घोट्यावर चढवायचे ते पातळ गेटर मिळतात, त्यांनी खडे आणि कुसळं दोन्ही बऱ्यापैकी अडतात. खरबरीत लोकरीच्या मोज्यांना कुसळं जास्त चिकटतात, तेव्हा गुळगुळीत सिंथेटिक घाला.

पैशांचं बोलायचं तर साधारण साडेतीन-चार हजारांपासून चालण्यासारखे ट्रेल शूज मिळतात, डिकॅथलॉनच्या किपरनमध्ये सुरुवात करता येते. सात ते दहा हजारांत मोठ्या ब्रँडचे चांगले मॉडेल, सेलमध्ये, आणि त्याच्या वर बाहेरचे. पहिल्या जोडीला दहा हजारांच्या वर जाऊ नये असं मला वाटतं, आपल्याला काय सूट होतं हे पहिली जोडी झिजल्यावरच कळतं. नाशिकमध्ये सगळे ब्रँड घालून बघायला मिळत नाहीत हे खरं आहे, त्यामुळे ऑनलाइन मागवावं लागतं. मग दोन साइज मागवा, परतीचे नियम आधी वाचून घ्या, आणि घरातल्या फरशीवरच घालून बघा, बाहेर माती लागली की परत घेत नाहीत. जिन्यावरची टेस्ट बिल्डिंगमध्ये करता येते, फक्त जिना झाडलेला असू द्या.

सेलमध्ये स्वस्त मिळाले तर बॉक्सवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेल्या शूजचा फोम कडक झालेला असू शकतो आणि डिंक सुकून सोल उचकटतो, वरून मात्र नवीन कोरे दिसतात. सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, तो पंज्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही, आणि चिकटवलेल्या कडेला भेग दिसता कामा नये.

घेतल्यावर लगेच मोठ्या रेसला घालू नका, आधी छोटे रन, त्यात किमान एखाद-दोन चांगले उतार. पळून आल्यावर चिखल साध्या पाण्याने ब्रशने काढायचा, इनसोल बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि सावलीत वाळवायचं, तासाभराने कागद बदलायचा. गच्चीवर कडक उन्हात ठेवू नका, वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबातच नाही, दोन्हीने डिंक सुटतो. पावसाळ्यात एक जोडी दुसऱ्या दिवसापर्यंत सुकत नाही, रोज पळणारे दोन जोड्या आलटून पालटून वापरतात, बजेट असेल तर बघा.

एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते, वजन, जमीन आणि रबर यावर कमी-जास्त. गंमत म्हणजे बरेचदा दात शिल्लक असतात आणि फोम आधी मरतो. पळून आल्यावर तळवे, नडग्या नेहमीपेक्षा जास्त दुखायला लागल्या, सोल बाजूने बघितला की आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, किंवा पंज्याखालचे दात निम्मे झाले आणि नेहमीच्याच उतारावर पाय सटकायला लागला तर ती जोडी डोंगरावरून रिटायर करा. सकाळी दूध आणायला किंवा शेतात जायला ती अजून वर्षभर चालते.